नाही, नव्हे, नको

मराठी शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली. दरवर्षी सातवीच्या वर्गात एक दिवस मी फळ्यावर पाच शब्द लिहीत असे : नाही, नव्हे, नको, नये, नसो. ‘घरात साप नाही’ आणि ‘हा साप नव्हे’ या दोन वाक्यांत फरक काय, असे मी विचारी. मुले गोंधळत. मग मी सांगे, पहिल्या वाक्यातला साप कुठे बिळात गेला असेल. दुसऱ्यातल्या सापाची दोरी निघाली. पहिले ऐकून झोपू नये, दुसरे ऐकून खुशाल झोपावे. मुले हसत, आणि मला माझ्या या दृष्टान्ताचा फार अभिमान वाटे. इतके शिकवलेली मी बाई २०२१ सालच्या गौरीत एका ‘नाही’ला अशी फसले, की तो दिवस आठवला म्हणजे अजून मान खाली जाते.

आमचे घर गारगोटीचे. वेदगंगेच्या काठचे हे तालुक्याचे गाव. कोल्हापूर इथून पन्नासएक किलोमीटर. मोठे दुखणे आले की मुदाळ तिट्ट्यावरून कोल्हापूरची वाट धरायची, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक. घरात सासूबाई, आम्ही दोघे, भावजी, धाकटी जाऊ आणि त्यांचा मुलगा. धाकटी माझ्याहून सतरा वर्षांनी लहान. मला अक्का म्हणते. कोल्हापूरकडच्या बायकांप्रमाणे ती ‘मी आलो, मी जातो’ असे बोलते. तिचे क्रियापद सुधारण्याचा नाद मी तिच्या लग्नाच्या वर्षीच सोडला.

त्या श्रावणात, नागपंचमीच्या आदल्या दिवशी, तिने मला न्हाणीघरातून हाक मारली.

“अक्का, जरा हिकडं या. इथं हात लावून बघा.”

डाव्या बाजूला, काखेकडे, सुपारीएवढी कडक गाठ माझ्या बोटांना लागली.

“कधीपासून आहे ही?”

“संक्रांतीपासनं असंल.”

“आणि बोलली नाहीस?”

“दुखत नाही की!”

हा त्या वर्षीचा पहिला ‘नाही’. दुखत नाही म्हणून तिने सात महिने गाठ पदराखाली सांभाळली. या रोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, हे मला तरी कुठे ठाऊक होते? पुढे मी वाचले, की टाटा रुग्णालयाच्या लोकांनी १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतून एक मोठा उद्योग केला. थोडे शिक्षण देऊन तयार केलेल्या बायका घरोघरच्या बायकांची छाती दर दोन वर्षांनी हाताने तपासत. दीड लाखांवर बायका, वीस वर्षे. त्याचा हिशेब २०२१ साली प्रसिद्ध झाला : पन्नाशी ओलांडलेल्या बायकांतले या रोगाचे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाले. ना मोठे यंत्र, ना वीज. जाणती बोटे तेवढी. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मात्र तसा फायदा दिसला नाही, हेही त्याच हिशेबात लिहिले आहे. आमची धाकटी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होती.

एका दवाखान्यात सुई घालून गाठीचे चार-पाच बारीक तुकडे काढले, शेवयांच्या कणीसारखे. ते बाटलीत घालून बाटली भावजींच्या हाती दिली आणि कोल्हापूरच्या प्रयोगशाळेचा पत्ता सांगितला. तो दिवस शनिवार; संध्याकाळ झालेली, दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळा बंद. म्हणून ती बाटली सोमवार सकाळपर्यंत आमच्या माजघरातल्या कोनाड्यात राहिली. सासूबाईंनी तिच्यावर एक वाटी पालथी घातली. नीट काय ते त्यांना कोणी सांगितले नव्हते. पण त्या कोनाड्याकडे पाठ करून बसल्या नाहीत.

चार दिवसांनी डॉक्टर म्हणाले, गाठ चांगली दिसत नाही. पण अजून तपासण्या यायच्या आहेत, त्यांवर पुढचे ठरेल. माणसाचे कान मोठे सोयीस्कर असतात. आम्ही त्यातले ‘त्यांवर ठरेल’ तेवढे ऐकले.

गौरी जेवायच्या दिवशी दुपारी अहवाल भावजींच्या फोनवर आला. स्वयंपाकघरात पुरण शिजत होते. इंग्रजी वाचायचे म्हणून फोन माझ्याकडे आला. मी चश्मा लावला आणि मोठ्याने वाचले : इस्ट्रोजेन रिसेप्टर, निगेटिव्ह. प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर, निगेटिव्ह. हर-टू, निगेटिव्ह.

कोरोनाची दोन वर्षे आठवून पाहा. त्या काळात ‘निगेटिव्ह’ याहून गोड शब्द कोणत्या घरात होता? माणूस नाकात काडी घालून घेई आणि तो एक शब्द येईपर्यंत घर श्वास रोखून बसे. इथे तर तो तीनदा आला होता! खाली आणखी एक ओळ होती, ‘के-आय सदुसष्ट, ऐंशी टक्के’. माझा पुतण्या म्हणाला, “मोठी आई, ऐंशी टक्के म्हणजे डिस्टिंक्शन!” सासूबाईंनी गौरीपुढे साखर ठेवली. भावजी चौकातून अर्धा किलो पेढे घेऊन आले आणि गल्लीत नऊ घरी पेढे गेले. धाकटी चुलीपाशी बसून रडली, मग उठली आणि तिने पोळ्या लाटायला घेतल्या. संध्याकाळी झिम्म्याला सगळ्यांत मोठा आवाज तिचा होता.

दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तो कागद पाहिला आणि आमच्या हसऱ्या तोंडांकडे पाहिले. त्यांना काय ते लगेच कळले असावे. आम्हांला समोर बसवून त्यांनी आधी चहा मागवला, हे मी कधी विसरणार नाही.

“बाई, तुम्ही शिक्षिका ना?” त्या मला म्हणाल्या. “मग असं समजा, की पेशीला कान असतात.”

त्यांनी सांगितले ते माझ्या भाषेत सांगते. पेशीत काही प्रथिने असतात, ती बाहेरून आलेला निरोप ऐकतात. स्तनाच्या निरोगी पेशीला स्त्रीच्या अंडाशयातून इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन यांचे निरोप येतात : वाढ, थांब, दूध धर. हे ऐकणारे दोन कान पेशीच्या पोटात, केंद्रकात असतात. तिसरा, हर-टू नावाचा, पेशीच्या कातडीवर असतो. कर्करोग झाला तरी पुष्कळ बायकांच्या रोगट पेशींना पहिले दोन कान शिल्लक राहतात. हे त्यांतल्या त्यात बरे. कारण कान आहे तर त्यात बोळा घालता येतो. टॅमॉक्सिफेन ही गोळी म्हणजे तो बोळा. १९६२ साली इंग्लंडात हे औषध तयार झाले ते संततिनियमनासाठी. त्या कामी ते फुकट गेले आणि या कामी लाखो बायकांना जगवते झाले.

मुळात अंडाशयाचा आणि स्तनाच्या गाठीचा संबंध ध्यानात आला तो गायींमुळे. जॉर्ज बीटसन हा स्कॉटलंडचा शल्यचिकित्सक दुधाचा अभ्यास करीत होता. गाय व्याल्यावर तिची अंडाशये काढली तर ती पुष्कळ दिवस दूध देत राहते, अशी काही गवळ्यांची समजूत त्याच्या कानी आली होती. त्यावरून त्याने रोग फार बळावलेल्या एका बाईची अंडाशये काढली, आणि गाठ ओसरली. १८९६ साली त्याने हे प्रसिद्ध केले. आमच्या कोल्हापुरात, जिथे निम्मा जिल्हा दुधावर चालतो, कोणा जाणत्या गवळ्याने हे ऐकून काय म्हटले असते, असे मला उगाच वाटून गेले.

तिसऱ्या कानाची कथा निराळी. निरोगी पेशीवर हे कान वीसएक हजार असले, तर काही गाठींच्या पेशींवर ते वीस लाखांपर्यंत जातात. सगळीकडून एकच ऐकू येते : वाढ, वाढ. डेनिस स्लेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवले, की असे कान वाढलेल्या बायका लवकर दगावतात. तेव्हा ही जात सगळ्यांत दांडगी समजली जाई. मग तोच कान पकडणारे औषध निघाले. १९९८ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली आणि २०१४ पासून तसले औषध बंगळूरला बनून आपल्याकडे विकले जाऊ लागले. रोग तोच, गाठी त्याच. पण हर-टू आहे असे ऐकल्यावर डॉक्टरांचा चेहरा पूर्वी पडे तितका आता पडत नाही.

“आणि हिला यांतला एकही कान नाही?” मी विचारले.

“नाही.”

“मग ती कोणाचे ऐकते?”

“कोणाचंच नाही. आपोआप वाढते.”

ऐकत नाही! तीस वर्षांत किती पालकांनी हेच दोन शब्द माझ्यापुढे टेकले असतील. या जातीला ‘ट्रिपल निगेटिव्ह’ म्हणतात. मला नावांचा नाद आहे म्हणून सांगते : हे नाव मुळी नावच नव्हे. गावच्या कागदात ज्या जमिनीत काही पिकत नाही तिला ‘पडीक’ म्हणतात, म्हणजे तिच्यात काय आहे ते कोणी पाहिले नाही. तसलेच हे. आपल्या पेटीत तीन औषधे आणि ती हिला लागू नाहीत, एवढेच त्या शब्दात सांगितले आहे. पाश्चात्त्य देशांत स्तनाच्या कर्करोगात शंभरांत दहा-पंधरा गाठी अशा निघतात. आपल्याकडच्या पुष्कळ पाहण्यांत त्या पंचवीस-तीस निघाल्या आहेत. त्यातही तरुण बायकांत अधिक.

आणि ते ऐंशी टक्के? ‘के-आय’ म्हणजे जर्मनीतले कील गाव, आणि सदुसष्ट हा प्रयोगाच्या तबकडीतल्या खणाचा आकडा. १९८३ साली तिथल्या संशोधकांना एक प्रथिन सापडले, ते पेशी दुभंगायच्या तयारीत असली तरच दिसते. ऐंशी टक्के म्हणजे शंभरातल्या ऐंशी पेशी कामाला लागल्या होत्या. पुतण्याला मी हे सांगितले नाही. त्याने ते स्वतःच फोनवर शोधून काढले आणि आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. बरोबरच होते, मोठ्याने वाचले होते मी.

परत येताना गाडीत कोणी बोलत नव्हते. नऊ घरी पेढे गेले होते. त्या नऊ घरांना आता काय सांगायचे, हाच विचार मला आधी आला याची मला आजही लाज वाटते.

पण त्या डॉक्टरीणबाई निघता निघता एक गोष्ट बोलून गेल्या होत्या आणि घरी आल्यावर तिने मला पछाडले. कधी कधी हा ‘नाही’ खोटा असतो, त्या म्हणाल्या. तुकडा शरीरातून काढल्यावर तासाभराच्या आत फॉर्मेलिनमध्ये पडला पाहिजे, तुकड्याच्या दसपट तरी द्रव हवा, आणि त्यात तो निदान सहा तास आणि फार तर बहात्तर तास राहिला पाहिजे. हयगय झाली तर कानांची प्रथिने विरून जातात. मग रंग चढत नाही, आणि असलेले कान नाहीत असे लिहिले जाते. आपल्याकडच्या त्या पंचवीस-तीसांतले काही असल्या बाटल्यांचे असावेत, असा जाणत्यांचा तर्क आहे.

बाटली! मी भावजींना बसवून उलटतपासणी घेतली. तुकडे कधी काढले, बाटली कधी आली, तिच्यात पाणी होते की औषध? भावजी आठवून म्हणाले, “वहिनी, बाटली आधी नव्हतीच. मला खाली औषधाच्या दुकानातनं आणायला लावली. अर्धा तास तरी गेला असंल.” मला काय आनंद झाला! दुसऱ्याच्या हयगयीसाठी मी त्या रात्री देवाला हात जोडले. चूक झालेली असो, हयगय झालेली असो, तो कागद खोटा असो. फळ्यावरच्या पाच शब्दांतला शेवटचा, ‘नसो’, मला त्या रात्री पहिल्यांदा उपयोगी पडला.

प्रयोगशाळेतून मेणाचा ठोकळा मागून घेतला. तुकडे मेणात बसवलेला, बोटाच्या पेराएवढा. सारी धाकटी त्यात. महालक्ष्मी एक्सप्रेसने आम्ही तिघे मुंबईला गेलो, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलो आणि परळच्या टाटा रुग्णालयात तो फेरतपासणीला दिला. मग वाट पाहणे. त्या ओट्यांवर सारा देश बसलेला असतो. कोणाच्या मांडीवर कागदांची पिशवी, कोणाच्या मांडीवर पोर.

हे रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तिथला विकृतिशास्त्राचा विभाग वसंतराव खानोलकरांनी उभा केला, आणि त्यांच्या हाताखाली पुण्याच्या एका मुलीने उंदरांच्या माद्या घेऊन याच रोगाचा अभ्यास केला. त्या कमल रणदिवे. १९१७ सालचा जन्म, १९४९ साली डॉक्टरेट. पुढे बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत शिकून आल्या आणि शरीराबाहेर पेशी वाढवण्याची भारतातली पहिली प्रयोगशाळा त्यांनी मुंबईत थाटली. स्तनाचा कर्करोग, स्त्रीचे हॉर्मोन आणि आईकडून मुलीकडे येणारा वारसा यांचा काय संबंध, हा त्यांचा ध्यास. तीन कानांपैकी एकाचेही नाव तेव्हा कोणाला नीट ठाऊक नव्हते. ज्या वयात माझ्या आईची पिढी ‘बाईच्या जातीला’ हा शब्दप्रयोग दिवसातून दहा वेळा ऐकत होती, त्या वयात ही बाई उंदरांच्या पिंजऱ्यांपुढे वही घेऊन उभी होती. आम्हा बायकांच्या पाठ्यपुस्तकात तिच्यावर धडा का नव्हता कोण जाणे. मीही कधी शिकवला नाही.

उत्तर आले. तीनही ‘नाही’ खरे होते.

मी हटून बसले. बाटली उशिरा आली होती, ते सांगितले. तिथल्या डॉक्टरांपुढे माणसांची रांग होती. तरी त्यांनी कागदावर बोट ठेवून एक ओळ दाखवली. काचपट्टीवर गाठीच्या कडेला धाकटीच्या निरोगी दूधनळ्याही थोड्या आल्या होत्या. त्यांच्या पेशींवर तपकिरी रंग चांगला चढला होता. म्हणजे बाटली ठीक होती, द्रव ठीक होता; कान असते तर रंगलेच असते. अर्ध्या तासाने काही बिघडले नव्हते. तिच्याच शरीराच्या निरोगी भागाने गाठीविरुद्ध साक्ष दिली होती. त्या साक्षीला काय उत्तर देणार? मी गप्प बसले. धाकटीच म्हणाली, “चला अक्का. कळलं न्हवं एकदा? आता औषधाचं बघू.”

औषध कोल्हापुरातच घेतले. सगळा बेत परळहून लिहून आणला होता आणि सरकारच्या जन आरोग्य योजनेमुळे बराच भार हलका झाला. एक नवे, शरीराच्या संरक्षक पेशींना जागे करणारे औषधही निघाले आहे असे कळले. त्याची किंमत ऐकून भावजींनी नुसती मान हलवली. आधी लाल रंगाचे औषध चार वेळा, मग दर आठवड्याला एक असे बारा, त्यांत कार्बोप्लॅटिन. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये टाटाच्या सुदीप गुप्तांनी अमेरिकेतल्या परिषदेत ७२० बायकांवरचा अभ्यास मांडला. या जातीच्या रोगात पन्नाशीपर्यंतच्या बायकांना त्या औषधाने फायदा होतो, असे त्यात निघाले. आम्हांला तेव्हा एवढेच सांगितले होते, की जी पेशी कोणाचे ऐकत नाही आणि भराभर दुभंगते, ती या विषाला जास्त बळी पडते. तिचा दांडगेपणाच तिला नडतो.

दिवाळीत तिचे केस गेले. सासूबाईंनी आपले एक जुने रेशमी लुगडे फाडून तिला डोक्याला बांधायला रुमाल केले. मी फराळ केला, तिने फक्त वास घेतला आणि तोंड फिरवले. त्या महिन्यांविषयी अधिक लिहीत नाही.

२०२२ च्या उन्हाळ्यात शस्त्रक्रिया झाली, आणि आठ दिवसांनी पुन्हा एक कागद फोनवर आला. पुन्हा इंग्रजी, पुन्हा माझा चश्मा. पण या वेळी मी मोठ्याने वाचले नाही. दोनदा मनात वाचले. मग पुतण्याकडे दिला, त्याने वाचला. काढलेल्या भागात जिवंत कर्कपेशी शिल्लक नाही, काखेतल्या गाठींत नाही. घरात कोणी हलले नाही. शेवटी सासूबाई म्हणाल्या,

“थोरले, ह्यो न्हाई कुठला? त्यो मागला का दुसरा?”

“दुसरा, आत्ती.”

“फोन लाव त्या डागदरणीला. तिच्या तोंडनं आयकू दे मला.”

मी फोन लावला. डॉक्टरीणबाईंनी म्हातारीला तिच्या भाषेत सारे सांगितले. औषधाने गाठ पुरती गेली, हे फार चांगले लक्षण; तरी पहिली तीन वर्षे जपायची, पुढे भीती उतरत जाते. सासूबाईंनी ऐकून घेतले, फोन माझ्याकडे दिला आणि त्या तांदूळ निवडायला बसल्या. साखर ठेवली नाही.

त्यांनी ती ठेवली २०२४ च्या गौरीत. धाकटी आदल्या आठवड्यात तपासणीला गेली होती, एकटीच, एसटीने. संध्याकाळी दारात आली, चपला काढल्या.

“मी जाऊन आलो, अक्का.”

“काय म्हणाल्या?”

“काही नाही म्हणाल्या.”

“नीट सांग. काही नाही म्हणाल्या, की काहीच म्हणाल्या नाहीत?”

“तुमचं आपलं व्याकरण!” ती म्हणाली, आणि परडीतला तेरडा काढून निवडायला बसली. आत सासूबाई साखरेचा डबा शोधत होत्या.